बँड दिसला म्हणजे प्रोटीन सापडलं असं नाही

संपादक महोदय, स.न.

तुमच्या पेपरातल्या कॅन्सर संशोधनाच्या बातम्या मी आवर्जून वाचतो, त्यात "अमुक प्रोटीन वाढलेलं आढळलं" हे वाक्य हमखास असतं पण आढळलं ते कशाने हे काही कळत नाही. बऱ्याचदा ते अँटिबॉडीने, म्हणजे ठराविक प्रोटीनला चिकटण्यासाठी बनवलेल्या रेणूने, आढळतं, आणि खरी गोची तिथेच आहे म्हणून हे पत्र.

मी लॅबमध्ये के-रास नावाच्या प्रोटीनवर काम करतो. एवढंसं प्रोटीन, जेमतेम 21 किलोडाल्टन वजनाचं, पण पेशीला "वाढ" असा निरोप देणारा स्विचच तो, जीटीपी हा छोटा रेणू चिकटला की चालू, त्याचंच जीडीपी हे रूप असलं की बंद, आणि कितीतरी कॅन्सरमध्ये तो चालूच अडकून बसतो. आम्ही के-रासची म्हणून एक अँटिबॉडी विकत घेतली, ब्लॉटवर, म्हणजे प्रोटीन्स वजनानुसार वेगळी करून मेंब्रेन या पातळ पडद्यावर उतरवतात आणि अँटिबॉडीने शोधतात त्या चाचणीत, 21 च्या जागी काळाभोर बँड, म्हणजे पट्टा, आला, सगळे खूश, सहा महिने त्याच बँडवर ग्राफ काढले. मग क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्राने के-रासचं जनुकच काढून टाकलेल्या पेशी मिळाल्या, त्यांचं सॅम्पल शेजारच्या लेनमध्ये चालवलं, तर तिथेही तोच बँड, तसाच ठसठशीत! त्या रात्री मला झोप लागली नाही.

कारण साधं आहे. एच-रास आणि एन-रास ही त्याची भावंडं साधारण तेवढ्याच वजनाची, 188-189 अमिनो आम्लांपैकी पहिली सुमारे 165 जवळपास सारखीच, फरक काय तो शेपटीकडे. अँटिबॉडी पुढच्या भागाला चिकटत असेल तर ती तिघांनाही धरणार, मग ती मोनोक्लोनल, म्हणजे एकाच ठराविक जागेला चिकटणारी, असली तरी काय उपयोग, ती जागाच तिघांत सारखी. कंपनीचं उत्तर आलं की माल ठीक आहे.

बरं, अँटिबॉडी बरोबर निघाली तरी ती फक्त रास किती आहे ते सांगते, चालू किती ते नाही, त्यासाठी रॅफ या दुसऱ्या प्रोटीनचा जो तुकडा चालू रासलाच धरतो त्याने ते आधी ओढून काढावं लागतं आणि मग ब्लॉट. आणि मेंब्रेनची छिद्रं 0.45 मायक्रॉनची घेतली तर इतकी लहान प्रोटीन्स आरपार निघून जाऊ शकतात, 0.2 ची घ्यावी, हे आम्हाला एका सीनियर ताईंनी शिकवलं.

2015 मध्ये शंभरहून जास्त संशोधकांनी 'नेचर'मध्ये लिहिलं होतं की अँटिबॉडीचा नेमका सिक्वेन्स, म्हणजे तिच्या घटकांचा क्रम, माहीत हवा आणि त्यावरूनच ती बनवावी. अजूनही कितीतरी शोधनिबंधांत कुठली अँटिबॉडी वापरली ते सांगणारा धड कॅटलॉग नंबरसुद्धा नसतो, याचा मला मनापासून त्रास होतो.

तुमच्या वार्ताहरांना एकच विनंती, पुढच्या वेळी संशोधकांना एवढं विचारा, ही अँटिबॉडी जनुक काढलेल्या पेशींवर तपासली होती का, आणि ते जे म्हणतील ते बातमीत छापा.

आपला,
लॅबमध्ये काम करणारा एक वाचक