मक्याचे पीठ वेगळे, कॉर्नफ्लोअर वेगळे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आपल्या पुरवणीत अलीकडेच मक्याचे गुण सांगणारा लेख वाचला. लेख चांगला होता. पण शेवटी 'रोजच्या आहारात मक्याचा समावेश करावा' असे एक वाक्य होते, त्याने मी अडले. कोणत्या मक्याचा? मुंबईत मका या एका नावाखाली चार-पाच निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात आणि त्यांच्यातला फरक न कळल्यामुळे आमच्या घरी जे झाले, ते इतरांकडे होऊ नये म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या सासऱ्यांना बारा वर्षांपासून मधुमेह आहे. पोळीला कंटाळले होते, म्हणून डॉक्टरांनी सांगितले, कधी ज्वारी, कधी नाचणी, कधी मका असे आलटून पालटून द्या. मी आमच्या वाण्याकडे 'मक्याचं पीठ' मागितले. त्याने एक पाकीट पुढे केले. वर कॉर्नफ्लोअर असे लिहिले होते, कणसाचे चित्र होते. कॉर्न म्हणजे मका, फ्लोअर म्हणजे पीठ, मग शंका कशाला घ्यायची? घरी परातीत काढले तर पांढरेशुभ्र, चिमटीत धरले की करकरणारे. पाणी घातल्यावर मुठीत दाबले की घट्ट गोळा व्हायचा आणि मूठ सैल केली की बोटांमधून ओघळून जायचा. भाकरी थापणे शक्यच नव्हते. मक्याची भाकरी अवघड असते असे ऐकून होते, म्हणून मी दोष स्वतःच्या हाताला दिला आणि ते पीठ कणकेत अर्धे-अर्धे मिसळून पोळ्या करू लागले. पंधरा-वीस दिवस सासरे ते 'पथ्याचे' म्हणून मनापासून जेवले. पुढच्या तपासणीत साखर बरीच वाढलेली निघाली. त्याला हे एकच कारण होते असे मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी काय काय खाता असे विचारले, मी पाकिटाचे नाव सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अहो, हे पीठ नाही, हा निव्वळ स्टार्च आहे."

मक्याच्या दाण्यात वरची साल, खाली टोकाशी अंकुर आणि बाकीचा पिठूळ भाग असतो. आख्खा दाणा गिरणीत दळला की ते मक्याचे पीठ. कारखान्यात मात्र दाणे भिजवून साल, अंकुर आणि प्रथिने वेगळी काढतात आणि उरलेला स्टार्च वाळवून पाकिटात भरतात. सुके दाणे दळलेल्या शंभर ग्रॅम पिठात साधारण 9 ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच कॉर्नफ्लोअरमध्ये अर्धा ग्रॅमही नसतात, 90 ग्रॅमच्या आसपास नुसती पिष्टमय पदार्थांची भर असते. पिवळ्या दाण्याला रंग देणारी आणि डोळ्यांच्या पडद्याला उपयोगी पडणारी ल्युटीन आणि झिअॅक्सँथिन ही द्रव्येसुद्धा त्यात राहत नाहीत. सूप दाट करायला, मंच्युरियनचे गोळे बांधायला ते ठीक आहे. घोळ नावाचा आहे. इंग्लंडमध्ये या स्टार्चलाच कॉर्नफ्लोअर म्हणतात, अमेरिकेत त्याला कॉर्नस्टार्च म्हणतात आणि कॉर्न फ्लोअर म्हणजे खरोखरचे पीठ. आपण नाव इंग्लंडचे उचलले आणि त्याचे मराठी करताना सरळ 'मक्याचे पीठ' करून टाकले. वृत्तपत्रांतल्या पाककृतींतही 'दोन चमचे मक्याचे पीठ' असे छापलेले मी पाहिले आहे, जिथे लिहिणाऱ्याला कॉर्नफ्लोअर म्हणायचे असते.

खरी मक्याची भाकरी मला आमच्याच चाळीतल्या एका बाईंनी शिकवली. त्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या. तिकडे सातपुड्यात मका आणि ज्वारी हेच रोजचे जेवण. माझे माहेर येवल्याचे, आमच्या शेतातही खरिपाला मकाच असतो, पण घरात भाकरी बाजरीची. मका ट्रॅक्टरमध्ये भरून बाजार समितीत जातो आणि तिथून बहुतेक कोंबड्यांच्या खाद्याला. आता इथेनॉलचे कारखानेही घेऊ लागले आहेत. पिकवणाऱ्याच्या ताटात मका नाही, हे मला लहानपणी कधी खटकले नव्हते, आता खटकते.

तर त्या बाई म्हणाल्या, "ताई, गार पाण्यात नाही मळायचं. कडा फाटतात." पाण्याला खळखळून उकळी आणायची, मीठ घालायचे, ते पिठावर ओतून उलथन्याने कालवायचे आणि झाकून ठेवायचे. हाताला सोसेल इतके निवले की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचे, तेही एका वेळी एकाच भाकरीपुरते. मक्यात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून पीठ एकमेकाला धरत नाही. उकळत्या पाण्याने त्यातला स्टार्च थोडा शिजतो आणि तोच चिकटपणा देतो. भाकरी ज्वारीपेक्षा जाड थापायची, आच मंद ठेवायची. वरून पिवळी, ठिकठिकाणी तांबूस डाग पडलेली, आतून मऊ आणि किंचित गोड अशी ती भाकरी सासऱ्यांनी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा काही बोलले नाहीत, दुसरी मागितली. दुसरी मी दिली नाही, कारण मक्याच्या भाकरीनेही साखर वाढतेच, ती मोजूनच खायची असते.

भाकरीबरोबर त्या बाई उडदाची डाळ करतात आणि डाळ नसेल तर भाकरीला अर्थ नाही म्हणतात. मला ती चवीची गोष्ट वाटली होती. मक्याच्या प्रथिनांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले कमी पडतात, लायसिनची उणीव डाळ भरून काढते. शिवाय मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व अशा रूपात बांधलेले असते की शरीराला ते फारसे मिळत नाही. मेक्सिकोत, जिथे मका हजारो वर्षांपूर्वी माणसाळवला गेला, तिथले लोक दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून घेतात, त्यामुळे ते मोकळे होते. युरोपने मका नेला, चुना नेला नाही. जिथे गरीब माणूस जवळजवळ नुसत्या मक्यावर जगला, त्या इटलीत आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागात नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. कातडी काळवंडून सोलायची, जुलाब व्हायचे, माणूस भ्रमिष्ट व्हायचा. नुसता 'मका पौष्टिक' असे लिहिताना ही बाजूही यायला हवी.

बाकीच्या रूपांबद्दल थोडेच लिहिते. कॉर्नफ्लेक्समध्ये बहुधा कोंडा आणि अंकुर काढलेला मका असतो, वर साखर. त्याने रक्तातली साखर झपाट्याने चढते. स्टेशनबाहेर पेल्यात मिळणारे स्वीट कॉर्न बरेच लोक भाजी समजून जेवणावर खातात. शंभर ग्रॅम दाण्यांत 19 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात, तेव्हा ते खाल्ले तर अर्धी पोळी कमी करावी. पावसात हातगाडीवर 'देसी की अमेरिकन?' असे विचारतात, तेव्हा मी देशी कणीस घेते. चावायला वेळ लागतो, म्हणून बेतानेच खाल्ले जाते.

सुका मका आणून गिरणीत दळायचा तर एक काळजी घ्यावीच लागते. अंकुरात तेल असते, त्यामुळे पीठ लवकर खवट होते, आठवड्यापुरतेच दळावे. दाण्यावर हिरवी-काळी बुरशी दिसली किंवा कुबट वास आला तर सगळा मका टाकून द्यावा, भाजून वा शिजवून बुरशीचे विष पुरते जात नाही. 1974 साली राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली होती. मुंबईच्या जुलै-ऑगस्टमध्ये डब्यातली डाळसुद्धा ओलसर लागते, हे आपण सगळे जाणतो. आणि ज्यांना ग्लुटेन अजिबात चालत नाही त्यांनी गव्हावर मका दळून घेऊ नये, जात्यात राहिलेले पीठ त्यात येते.

माझी आपल्याला विनंती आहे की आपल्या पाककृतींत आणि आरोग्याच्या लेखांत कॉर्नफ्लोअरला कॉर्नफ्लोअर किंवा 'मक्याचा स्टार्च' असेच छापावे आणि 'मक्याचे पीठ' हा शब्द दळलेल्या आख्ख्या दाण्यासाठी राखून ठेवावा. पाकिटांवरही मराठीत ठळक अक्षरात तसे लिहिले जावे, यासाठी आपण आवाज उठवावा. आमच्या वाण्याला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि आता कोणी 'मक्याचं पीठ' मागितले की तो आधी विचारतो, "भाकरीला की सूपला?"

आपली विश्वासू,
एक वाचक, विक्रोळी (पूर्व), मुंबई