कुंपणांनी तोडलेले रस्ते

महोदय,

पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे आली. पण वाघोली, सूस, नऱ्हे अशा भागांत शेतजमिनीच्या तुकड्यांवर एकेक गृहसंकुल उभे राहताना आतले रस्ते एकमेकांना जोडायचे राहूनच गेले. पेठांतले बोळ अरुंद असले, तरी एक अडला की दुसरा सापडतो. इथे मात्र कुंपणापलीकडच्या दुकानातून दूध आणायलाही हमरस्त्यावरून वळसा घालावा लागतो. नगर रस्त्यावरील कोंडीत त्या दुधाच्या पिशवीचाही वाटा आहेच. उड्डाणपुलांआधी, १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यातील नगररचना योजना (जमिनी एकत्र करून रस्त्यांसह भूखंड नव्याने आखण्याची पद्धत) राबवून हे तुटके रस्ते जोडावेत आणि नवे बांधकाम मंजूर करताना शेजारच्या भूखंडापर्यंत सार्वजनिक रस्ता नेण्याची अट घालावी.

– एक वाचक, वाघोली