मारुती ८०० चे इंजिन बांधण्यापूर्वी: मित्रास पत्र

कोल्हापूर,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि उघडलेल्या इंजिनाची छायाचित्रे मिळाली. खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लालपर्यंत गेला, पांढरा धूर आला आणि नंतर ऑइलची डिपस्टिक ओढली तर ऑइल दुधाळ निघाले, एवढ्या वर्णनावरून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण म्हणजे हेड, यांच्यामधली सीलची पट्टी) गेल्याचे स्पष्ट आहे; प्रश्न एवढाच, की त्यासोबत आणखी काय काय गेले. तुझ्या मिस्त्रींनी पुण्याच्या जुन्या बाजारातून दुसरे इंजिन आणून बसवायचे सुचवले आहे आणि वहिनींचे म्हणणे गाडी भंगारात द्यावी असे आहे. माझे मत या दोन्हींपेक्षा वेगळे आहे. आधी मापे घ्यावीत आणि मापे हातात येईपर्यंत एक रुपयाचाही सुटा भाग विकत घेऊ नये.

जुन्या बाजारातील इंजिनाला माझा विरोध दोन कारणांसाठी आहे. ते कोणत्या गाडीतून आणि का निघाले हे विकणारा सांगत नाही आणि बाहेरून पुसून ठेवलेल्या इंजिनाच्या पोटातले काही दिसत नाही. शिवाय इंजिनाचा क्रमांक तुझ्या आरसी पुस्तकात नोंदलेला आहे. इंजिन बदलले तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरटीओकडे रीतसर नोंद करावी लागेल आणि त्यासाठी त्या इंजिनाची स्वच्छ कागदपत्रे लागतील. तुझी गाडी २००८ सालची, एमपीएफआयची, म्हणजे इंजेक्टरने इंधन फवारणारी आहे. बाजारात कार्ब्युरेटरच्या काळातली इंजिनेही पुष्कळ फिरतात आणि ती घेतलीस तर जोडणीचा नवा घोळ पदरी पडेल. स्वतःचा ब्लॉक राखून इंजिन बांधले, तर यातले काहीच उद्भवत नाही.

हे इंजिन बांधण्याजोगे आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२ मिलिमीटर. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. इंजिन तापले की ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावते, हेड वाकते आणि गॅस्केट वाट सोडते. म्हणून पहिले माप हेडचे. त्याच्या तळावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी धरून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पाती) सरकवायचा. ०.०५ मिलिमीटरपेक्षा जास्त फट आढळली तर फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट करून घ्यायचे, आणि वाक फारच मोठा असेल तर हेड टाकून द्यायचे. हेड लेथवाल्याकडे जाईलच, तर त्याच फेरीत तडे तपासून घे, व्हॉल्व्ह लॅप करून (बैठकीवर घासून चपखल बसवून) घे आणि व्हॉल्व्हचे सील नवे बसव.

त्यानंतर सिलिंडर. बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना मोजायचा, कारण झीज सारखी नसते. वरची रिंग जिथून उलटी फिरते तिथे ती सर्वांत जास्त असते. झीज मर्यादेत असेल आणि भिंतीवर ओरखडे नसतील, तर वरच्या काठावरची कड काढून, हलके होनिंग करून (भिंत दगडाने घासून) नव्या रिंगा टाकल्या तरी भागते, आणि कमी खर्चातला हा सर्वांत चांगला मार्ग आहे. मात्र एकाही सिलिंडरमध्ये नख अडकेल असा ओरखडा असेल तर तिन्ही बोअर करावेच, म्हणजे कापून मोठे करावेच लागतील. अशा वेळी ०.२५ की ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज लागेल हे मापावरून ठरवायचे, पिस्टन विकत घ्यायचे, आणि ते ब्लॉकसोबत लेथवाल्याच्या हाती द्यायचे. बोअर पिस्टनच्या प्रत्यक्ष मापावर केला जातो. बरेच जण आधी बोअर करून घेतात आणि मग त्यात बसणारे पिस्टन शोधत दुकाने पालथी घालतात, ते मला कधीच कळलेले नाही.

क्रँककडे, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या दांड्याकडे, मात्र कोणी नीट पाहत नाही. ऑइलमध्ये पाणी मिसळले की बेअरिंगवरचा ऑइलचा थर टिकत नाही, म्हणून सगळ्या बेअरिंगचे कॅप उघडून जर्नल (क्रँकचे बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोज. ती गुळगुळीत आणि मापात असतील तर ग्राइंडिंगचा आग्रह धरू नकोस. बेअरिंग मात्र नवीच घाल. ती सगळ्या खर्चात किरकोळ आणि परिणामात सर्वांत मोठी.

पैसे कुठे वाचतील ते सांगतो. ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड, कॅमशाफ्ट, मॅनिफोल्ड हे मापात असल्यास तसेच राहू दे. गॅस्केटचा संच, रिंगा, बेअरिंग, टायमिंग बेल्ट आणि ऑइल सील यांत स्वस्त माल घेऊ नकोस. माझ्या अंदाजाने रिंगांवर भागले तर तुझा खर्च वीस हजारांच्या आसपास थांबेल आणि बोअर, पिस्टन धरून तो तीस हजारांपुढे जाईल. पण याआधी गाडीचा तळ आणि दारांखालच्या पट्ट्या गंजलेल्या नाहीत ना, ते जॅकवर घेऊन पाहा. २०२३ मध्ये नोंदणी नूतनीकरण झालेली असल्यामुळे २०२८ पर्यंत गाडी चालेल; तळ सडला असेल तर वहिनींचे म्हणणे मी मान्य करतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे, इंजिन तापले का, हे शोधल्याशिवाय ते जोडू नकोस. रेडिएटर काढून धुऊन दाबाखाली तपासून घे, थर्मोस्टॅट नवा घाल, वॉटर पंपाला गळती किंवा खेळ आहे का ते पाहा, पंखा चालू करणारा स्विच किंवा सेन्सर नीट चालतो का ते बघ, रेडिएटरची टोपी बदल आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट भर. हे झाले नाही तर नवे गॅस्केटही पुढच्या घाटात जाईल. मिस्त्री या कामाला वेळ देत नाहीत, कारण त्याची वेगळी मजुरी कोणी देत नाही. तू ती आधीच कबूल कर.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच कसायला सांग. पहिल्या स्टार्टपूर्वी इंधन पंपाचा फ्यूज काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवावा. सुरुवातीचे काही शे किलोमीटर घाटात भार देऊ नकोस, पण एकाच वेगाने संथही चालवू नकोस. रिंगा बसायला कमी-जास्त भार लागतो. ५०० किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलून टाक.

साताऱ्यात मापे घेणारे कोणी चांगले मिळाले नाही तर हेड आणि ब्लॉक इकडे घेऊन ये. शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगची कामे वर्षानुवर्षे होत आली आहेत, आणि उसाला पाणी देणारी ऑइल इंजिने दुरुस्त करता करता हात बसलेले लोक इथे अजूनही आहेत. मी सोबत येईन. हेडचा वाक आणि तिन्ही सिलिंडरची मापे कागदावर उतरवून तेवढी मला कळव. पिस्टन घ्यायचे की नाही ते त्यावरून ठरवू.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र