ग्रंथपाल बाईंना, आंद्रे नॉर्टनच्या मालिकांबद्दल

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही निवृत्त झालात, राहतं घर बदललंत आणि तुमचा नवा पत्ता मला कुणी देऊ शकलं नाही. दुसरं असं की, विज्ञानकथा आणि जादूच्या कथा लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिका आंद्रे नॉर्टनच्या पुस्तकांपुढे गोंधळून उभी राहिलेली मी काही एकटीच नसणार. तुम्ही मला जे सांगितलंत ते आणखी कुणाच्या उपयोगी पडलं तर तुम्हाला बरंच वाटेल.

वाचनालयाला देणगीत आलेली पेपरबॅकची ती खोकी तुम्हाला आठवत असतील. पिवळी पडलेली पानं, सुटत आलेली बांधणी, आणि मुखपृष्ठावर एक तर यान, नाही तर तलवार. कुणीतरी हौसेनं जमवलेला खजिना होता तो, पण त्याला शेंडा ना बुडखा. एका पुस्तकावर 'विच वर्ल्ड' मालिकेचा उल्लेख, शेजारच्यावर काहीच नाही, आणि उघडून बघावं तर तेही त्याच जगातलं. 'सारगॅसो ऑफ स्पेस' या १९५५ सालच्या पुस्तकावर लेखकाचं नाव अँड्र्यू नॉर्थ, म्हणजे नॉर्टनबाईंचंच टोपणनाव. 'स्टार मॅन्स सन' आणि 'डेब्रेक २२५० ए.डी.' शेजारी शेजारी ठेवली तर दोन कादंबऱ्या वाटाव्यात, आणि प्रत्यक्षात १९५२ सालची ती एकच कादंबरी. स्वस्त आवृत्ती काढणाऱ्यांनी तिचं नाव बदललेलं. शंभरावर कादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईंचं हे सगळं कुठून धरायचं, असं मी तुम्हाला विचारलं होतं.

तुम्ही रजिस्टर मिटलंत, एक पाठकोरं कॅटलॉग कार्ड ओढलंत आणि मलाच उलट विचारलंत, "तुला काय जास्त आवडतं? प्राणी, प्रवास, की जादू?" 

मी म्हटलं, तिन्ही. तुम्ही कार्डावर तीन रकाने पाडलेत. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक पुस्तक लिहिलंत, त्याखाली बाण, बाणाखाली पुढची नावं, आणि कडेला बारीक अक्षरात 'मग हवं तर' असा एक चौथा रकाना. त्या वेळी मला ते फार महत्त्वाचं वाटलं नाही, कारण मला साधी क्रमवार यादी हवी होती. पण यादी कुणीही दिली असती. तुम्ही दिलंत ते निराळं होतं, आणि त्यासाठीच हे आभार.

जादूच्या रकान्यात तुम्ही सगळ्यात वर १९६३ सालचं 'विच वर्ल्ड' लिहिलं नाहीत, जे मालिकेचं पहिलं पुस्तक. तिथे होतं 'इयर ऑफ द युनिकॉर्न', १९६५ सालचं. मी विचारलं तर म्हणालात, "सायमनची गोष्ट नंतर वाच. आधी गिलनला भेट." तुमचं म्हणणं मला पुस्तक वाचताना उमगलं. सायमन ट्रेगार्थ हा आपल्या जगातला माजी लष्करी अधिकारी. मारेकरी मागे लागलेले असताना तो एका प्राचीन शिळेच्या वाटेनं चेटकिणींचं राज्य असलेल्या एस्टकार्पमध्ये जातो. त्याच्याबरोबर आपण त्या जगात पाहुणे म्हणून शिरतो. गिलन मात्र तिथेच, पण परकी म्हणून वाढलेली. समुद्रापलीकडे, हाय हॅलॅकच्या डोंगराळ मुलखात, एका मठात. युद्धात मदत केल्याबद्दल तिथल्या सरदारांनी रूप पालटणाऱ्या स्वारांना तेरा नवऱ्या मुली द्यायचं कबूल केलेलं असतं. एक मुलगी भीतीनं कोसळते, आणि गिलन आपण होऊन तिची जागा घेते. मठातल्या ठरीव आयुष्यापेक्षा हे पत्करलं, असा तिचा हिशेब. या तेरा जणींना पुढे जे दिसतं त्यात खरं किती आणि मोहिनी किती, हे कळणारी एकटी गिलन. नवऱ्याचं खरं रूपही तिला दिसतं. आणि ज्यांना ते दिसायला नको असतं, ते तिच्यावर उलटतात.

या कादंबरीला मालिकेतलं आधीचं काही ठाऊक असण्याची गरज नाही, कारण ती एस्टकार्पपासून दूर घडते. हे तुम्हाला ठाऊक होतं. 'विच वर्ल्ड'ची पुस्तकं सहलेखकांसकट धरली तर तिसाच्या घरात जातात, पण त्यांचे दोन मुलूख आहेत, दोन धागे आहेत, आणि ते धागे वेगवेगळे वाचता येतात, हे मला कार्डावरच्या दोन बाणांमुळे कळलं. एका बाणाखाली सायमन, त्याची बायको जेलिथ आणि त्यांची तिळी मुलं. दुसऱ्याखाली हाय हॅलॅक, आणि त्यात 'द क्रिस्टल ग्रिफन'. त्या १९७२ सालच्या पुस्तकावर तुम्ही दोनदा रेघ मारली होती. केरोवनच्या पायांना खूर आहेत. जॉइसनचं त्याच्याशी लहानपणीच लग्न लागलेलं, तेही दोघांची भेट न होता. एक प्रकरण त्याच्या तोंडून, एक तिच्या. दोघं एकमेकांसमोर येतात तेव्हाही तिला तो कोण आहे हे माहीत नसतं. तुमच्या दुसऱ्या रेघेवर मी तिसरी मारली आहे.

प्रवासाच्या रकान्यात 'सोलर क्वीन' यानाची पुस्तकं होती. डेन थॉर्सन हा पोरगेला उमेदवार शिकून बाहेर पडतो आणि कुठल्या यानावर जायचं हे एक यंत्र ठरवतं. बरोबरीची मुलं बड्या कंपन्यांच्या झकपक जहाजांवर जातात. याच्या वाट्याला येतं मुक्त व्यापाऱ्यांचं एक जुनं, डागडुजी करून चालवलेलं यान. नॉर्टनबाईंना इथे व्यापारात खरा रस आहे, युद्धात नाही. लिलावात न पाहिलेल्या ग्रहावरचे व्यापाराचे हक्क विकत घ्यायचे आणि मग तिथे गेल्यावर डोक्याला हात लावायचा. 'प्लेग शिप'मध्ये सुगंधाचं वेड असलेल्या मांजरासारख्या लोकांशी सौदा जमेना, तो शेवटी कशामुळे जमतो? यानावरच्या मांजरासाठी लावलेल्या कॅटनिपच्या, म्हणजे वासानं मांजरांना भुलवणाऱ्या वनस्पतीच्या, रोपामुळे. कप्तान जेलिकोच्या पिंजऱ्यातला क्वीक्स तर माझा जीव की प्राण. खेकडा, पोपट आणि बेडूक यांची मोट बांधून वर निळा रंग फासावा तसं ते ध्यान. सतत किंचाळतं, थुंकतं, आणि कप्तान कंटाळला की पिंजऱ्याला एक दणका देतो. पुढे यानावर न दिसणारी पीडा शिरते तेव्हा ती हुडकून काढतो तो हाच नकोसा प्राणी. तुम्ही कार्डावर त्या पुस्तकापुढे नुसतं 'क्वीक्स!' एवढंच लिहिलं होतं. हे नाव पुस्तकात समोर येईपर्यंत मी त्याचा अर्थ लावत बसले होते.

प्राण्यांच्या रकान्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो तुमचा सगळ्यात लाडका होता आणि तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. 'द बीस्ट मास्टर' १९५९ सालचं. पृथ्वी शत्रूंनी बेचिराख केल्यावर नावाहो या अमेरिकेतल्या आदिवासी वंशाचा होस्टीन स्टॉर्म आपला गरुड, वाळवंटी मांजर आणि दोन मुंगसासारखे मीरकॅट घेऊन आर्झोर ग्रहावर येतो. त्या प्राण्यांशी त्याचं मन जुळलेलं असतं, त्यामुळे कुणाला हुकूम द्यावा लागत नाही. तिथले शिंगं असलेले नॉर्बी लोक माणसाच्या गळ्यातून निघणार नाही अशी भाषा बोलतात, म्हणून माणसं त्यांच्याशी बोटांच्या खुणांनी बोलतात, आणि नॉर्टनबाई ते बोलणं इतक्या बारकाईनं लिहितात की वाचताना माझीही बोटं हलायला लागली. नावाहो माणसाचं चित्रण आज काही ठिकाणी खटकतं, हेही खरं. तरी अमेरिकेत कुमारांसाठी लिहिल्या जाणाऱ्या अंतराळकथांचा नायक १९५९ मध्ये असा असणं ही साधी गोष्ट नव्हती. या पुस्तकावरून १९८२ साली सिनेमा निघाला, तो मूळ गोष्टीपासून इतका लांब गेला की बाईंनी आपलं नाव काढून टाकायला लावलं. तुम्ही हे सांगताना हसला होतात.

आता मुद्द्याचं. तिन्ही रकाने वाचून झाल्यावर मला आढळलं की कार्डाच्या तळाशी तुम्ही पेन्सिलनं एक आडवी रेघ ओढून 'डिपल' असा शब्द लिहिला होता, आणि तिथून 'कॅट्सआय', 'जजमेंट ऑन जेनस', 'नाइट ऑफ मास्क्स' या पुस्तकांना रेषा जोडल्या होत्या. ही पुस्तकं एका मालिकेत छापलेली नाहीत. पण कोर्वार या श्रीमंतांच्या चैनीच्या ग्रहावर डिपल नावाची निर्वासितांची वस्ती आहे. युद्धात घर गेलेली माणसं तिथे आणून टाकलेली, आणि मग सगळ्यांनी त्यांच्याकडे पाठ फिरवलेली. रोजंदारी करा, चोरांच्या टोळीत शिरा, नाही तर स्वतःला मजूर म्हणून परग्रहावर विकून घ्या, एवढेच मार्ग. 'कॅट्सआय'चा ट्रॉय होरन प्राण्यांच्या दुकानात एका दिवसाच्या कामाला म्हणून लागतो. 'जेनस'चा नेल रेनफ्रो मरायला टेकलेल्या आईला शांत मरण यावं म्हणून औषध घेता यावं एवढ्यासाठी स्वतःला विकतो. 'नाइट ऑफ मास्क्स'चा निक कोल्हर्न विद्रूप चेहरा घेऊन जगतो आणि नव्या चेहऱ्याच्या आमिषानं नको त्या कामात पडतो.

क्रमवार यादीत हे कधीच दिसलं नसतं. वेगवेगळ्या वर्षांत निघालेली ही पुस्तकं, एकाचा नायक दुसऱ्यात येत नाही. पण लेखिका पुन्हा पुन्हा त्याच वस्तीच्या फाटकापाशी परत येते आणि तिथून आणखी एका पोराला बाहेर काढते. एकदा हे लक्षात आल्यावर मला बाकीच्या मालिकाही निराळ्या दिसायला लागल्या. मठातली गिलन, घर बेचिराख झालेला स्टॉर्म, 'द टाइम ट्रेडर्स'मधला रॉस मर्डॉक. हा तर भुरटा गुन्हेगार. शिक्षेऐवजी त्याला कांस्ययुगातल्या व्यापाऱ्याचा वेश देऊन भूतकाळात पाठवतात. 'स्टार मॅन्स सन'चा फोर्स, केसांच्या रंगामुळे कुळानं नाकारलेला. इतक्या मालिका, आणि सगळ्यांच्या तळाशी हेच: कुठेच न सामावलेलं एक माणूस, सोबतीला बहुतेकदा एखादं जनावर, आणि जागा मिळवायची धडपड. तुम्ही हे तोंडानं सांगितलं नाहीत. रेषा ओढून ठेवलीत आणि मला आपलं आपण तिथवर जाऊ दिलंत.

आणखी एका गोष्टीचे आभार मानायचेत. 'मग हवं तर' या चौथ्या रकान्यात तुम्ही उतारवयातली सहलेखकांबरोबरची बहुतेक पुस्तकं टाकली होतीत: १९९०नंतर पुढे नेलेल्या 'सोलर क्वीन' आणि 'टाइम ट्रेडर्स'च्या गोष्टी वगैरे. "सगळं वाचायलाच हवं असं काही नाही," असं तुम्ही म्हणालात. ग्रंथपालाच्या तोंडून हे ऐकून मला केवढं हलकं वाटलं! मालिका हातात घेतली की शेवटच्या पुस्तकापर्यंत फरफटत जायचं ही माझी खोड. त्या रकान्यातली दोन-तीन मी चाळली आणि सोडून दिली, अजिबात चुटपुट न लागता.

नॉर्टनबाईंविषयी नंतर वाचलं तेव्हा तुमची फार आठवण झाली. त्या मूळच्या ॲलिस मेरी नॉर्टन, जन्म १९१२, क्लीव्हलंडचा. १९३४ मध्ये त्यांनी कायद्यानं नाव बदलून आंद्रे करून घेतलं, कारण अशा पुस्तकांचा वाचक मुलगा असणार असं प्रकाशनाच्या धंद्यात धरलेलं असे. १९३२ पासून जवळजवळ दोन दशकं त्यांनी क्लीव्हलंडच्या सार्वजनिक वाचनालयात मुलांच्या विभागात काम केलं. म्हणजे पुस्तक मागायला येणारं पोर काय मागतं आणि त्याला खरं काय हवं असतं, यातला फरक त्यांना काउंटरवर उभं राहून कळला असणार. हा माझा कयास, पण तुम्ही त्याला हसणार नाही याची खात्री आहे. १९८४ साली विज्ञानकथा लेखकांच्या अमेरिकन संघटनेनं त्यांना ग्रँड मास्टर हा जीवनगौरवाचा मान दिला. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. आणि त्यानंतर, ऐंशी ओलांडल्यावर, त्यांनी काय करावं? टेनेसीतल्या मर्फ्रीसबरोमध्ये १९९९ साली लेखकांसाठी संदर्भ वाचनालय काढलं. नाव ठेवलं हाय हॅलॅक. २००५ मध्ये त्या गेल्या.

थोडं भांडणही आहे. नॉर्टनबाईंची भाषा मधूनमधून ताठर होते, पात्रं जुन्या पोथीतल्यासारखी बोलतात, आणि शेवटाकडे त्या असं काही उरकतात की जणू कुणी दिवे बंद करायला आलंय. मी तक्रार केली तेव्हा तुम्ही "सवय होते" म्हणून विषय संपवलात. मला अजून झालेली नाही. मी वाचत राहिले ते प्राण्यांसाठी, जागांसाठी आणि डिपलच्या पोरांसाठी.

आणि 'क्वाग कीप'वर तुम्ही काट का मारलीत? १९७८ सालचं पुस्तक. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तो रचणाऱ्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सबरोबर बसून खेळल्यावर बाईंनी लिहिलेलं, टेबलावर सोंगट्या हलवणारी माणसं त्या खेळाच्याच जगात ओढली जातात असं. मला ते आवडलं. काट शाईनं आहे, पेन्सिलनं नाही, म्हणजे तुमचं मत पक्कं असणार. हे पत्र तुमच्यापर्यंत पोचलं तर कारण नक्की कळवा. जमल्यास 'फोररनर'च्या पुस्तकांबद्दलही लिहा. ती कार्डावर कुठेच नाहीत, आणि तुमच्याकडून राहिली असतील असं मला वाटत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनालयाची एक जुनी सभासद