विहिरीचे पाणी तपासणी होईपर्यंत टाकीत न सोडण्याबाबत

फोंडा, गोवा

प्रति,
माननीय अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती, गृहनिर्माण संस्था

महोदय,

माझी चार वर्षांची नात जुलैमध्ये जुलाबांनी आजारी पडली. तिसऱ्या दिवशी शौचातून रक्त गेले, मग जुलाब थांबले आणि आम्ही निर्धास्त झालो. आठवडाभरात मात्र तिचा चेहरा पांढराफटक पडला, ती मलूल होऊन पडून राहू लागली आणि दिवसभरात जेमतेम एकदा लघवी झाली. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले तेव्हा हिमोग्लोबिन ६ भरले, प्लेटलेट घटल्या होत्या आणि मूत्रपिंडांचे काम मंदावले होते. या आजाराला हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम म्हणतात. ई. कोलाय या जिवाणूच्या काही जातींचे किंवा शिगेला या जिवाणूचे विष आतड्यातून रक्तात उतरते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करते. तिथे गुठळ्या धरतात व त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फुटतात. म्हणूनच हा रक्तक्षय नाचणी-गुळाने किंवा लोहाच्या औषधाने भरून येणारा नव्हे. तिला रक्त द्यावे लागले. डायलिसिस टळले, हे आमचे भाग्य.

हा संसर्ग आपल्याच पाण्यातून झाला असे मी म्हणत नाही; तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण नळ बंद असला की आपण विहिरीचे पाणी तळटाकीत सोडतो, ती विहीर शोषखड्ड्याच्या किती जवळ आहे हे आपण सर्व जाणतो, आणि जांभ्या दगडातून पावसाचे पाणी किती सहज झिरपते हे गोव्यात कोणाला सांगायला नको. कॅनडातील वॉकर्टन गावी मे २००० मध्ये जोराच्या पावसानंतर शेणखताचा अंश सार्वजनिक विहिरीत उतरला आणि क्लोरीन पुरेसे नसल्याने सुमारे २,३०० माणसे आजारी पडली, ७ दगावली.

चतुर्थीला घरोघरी लहान मुले येतील. त्याआधी तळटाकी उपसून धुवावी, विहिरीच्या व टाकीच्या पाण्याची जिवाणू तपासणी करून घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत विहिरीचा पंप बंद ठेवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये. तपासणीचा खर्च समितीला जड वाटल्यास मी देईन.

सूचना फलकावर पालकांसाठी एवढे अवश्य लावावे: मुलाच्या शौचातून रक्त गेल्यास जुलाब थांबवण्याची गोळी किंवा अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने देऊ नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे, आणि जुलाब थांबल्यावरही आठवडा-दोन आठवडे लघवी व चेहऱ्याचा रंग यांवर लक्ष ठेवावे. आम्हाला हे ठाऊक असते, तर दोन दिवस आधी बांबोळी गाठली असती.

आपला नम्र,
एक सदनिकाधारक