पोटातल्या जंतूवरील उपचार संपूर्ण घराला धरून व्हावा

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका

महोदय,

अ‍ॅसिडिटी समजून वर्षानुवर्षे औषधाच्या दुकानातून गोळ्या आणणाऱ्या असंख्य मुंबईकरांच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ठाण मांडून असतो. अल्सरच्या मुळाशी तो असतो, हे दाखवून देणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांना 2005 मध्ये नोबेल मिळाले. त्याआधीच, 1994 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोगकारक घटकांत केली होती. तरीही आपल्याकडे उपचार होतो तो समोर बसलेल्या एकट्या रुग्णावर, आणि माझे म्हणणे नेमके याविषयी आहे.

हा जंतू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, लाळ, उलटी आणि विष्ठा यांच्या वाटे एकाकडून दुसऱ्याकडे जातो आणि उपचार न झाल्यास बहुतेकदा जन्मभर सोबत राहतो. आई आणि मुले किंवा भावंडे यांच्या जठरातील जंतूंची जनुकीय जुळणी केली असता अनेकदा एकच वाण आढळतो. यात आईला दोष देण्याचे काहीच कारण नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, शौचालय साऱ्या चाळीत सामायिक असेल आणि नळाला पाणी ठरावीक वेळीच येत असेल, तर कितीही जपले तरी संसर्ग टाळणे कठीण असते.

म्हणून विनंती अशी की, महापालिकेच्या रुग्णालयात कोणाला हा संसर्ग आढळल्यास त्याच्या घरातील प्रौढांनाही शौचाच्या नमुन्यावरील प्रतिजन तपासणीसाठी (म्हणजे शौचात या जंतूचे अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी) बोलवावे आणि ही सोय महापालिकेच्या वस्तीतल्या ‘आपला दवाखाना’पर्यंत पोहोचवावी. नमुना देण्यापूर्वी दोन आठवडे आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्रॅझोलसारख्या गोळ्या आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद नसतील, तर जंतू असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो. ही सूचना केसपेपरवर मराठीत आणि हिंदीत छापलेली असावी. लक्षणे नसलेल्या मुलांची सरसकट तपासणी मी मागत नाही, कारण बालरोगतज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वे तिला अनुकूल नाहीत. साऱ्या शहराची तपासणीही मागत नाही, कारण संसर्ग भरपूर असूनही भारतात जठराच्या कर्करोगाचे प्रमाण जपान किंवा कोरियाच्या मानाने बरेच कमी आहे.

औषधांच्या बाबतीत मात्र ढिलाई परवडणारी नाही. या उपचारातील क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारा हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये, ज्यांच्यावर नवी प्रतिजैविके हवीत अशा जंतूंच्या प्राधान्य यादीत घातला. अर्धवट सोडलेला कोर्स ही अडचण आणखी वाढवतो, त्यामुळे चौदा दिवसांची सर्व औषधे एकाच वेळी हातात द्यावीत आणि कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करावी. एखाद्या विभागात हे वर्षभर करून पाहावे. दाट वस्ती आणि सामायिक शौचालये ध्यानात घेता गोवंडी-मानखुर्दपासून आरंभ करणे मला योग्य वाटते.

कळावे,
आपला विश्वासू,
परळ येथील एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ