खुले पत्र: बालगृहालाही शेळ्या मिळू द्या

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात, ट्रस्टने चालवलेल्या बालगृहात मी काम करतो. बाप गेल्यावर उघड्यावर पडलेल्या शेतकरी घरांतली मुलं इथे आहेत. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत पोषणासाठी धरलेले आहेत मुलामागे महिन्याला ३,००० रुपये, म्हणजे दिवसाला शंभर. अन्न, कपडे, साबण, औषध सगळं त्यात. ते येईपर्यंत चूल किराण्याच्या उधारीवर पेटते.

साहेब, आमच्याकडे मोकळी जागा आहे. चाऱ्याला तुरीचं, हरभऱ्याचं कुटार (भुसा) गावात मिळतं, धुऱ्यावर सुबाभूळ आहे. वऱ्हाडची बेरारी शेळी इथलं ऊन सोसते. पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळी देते. पहिलं वर्ष ती खाईलच, पण त्यानंतर बोकड विकून शाळेचा खर्च निघू शकतो. गावरान कोंबड्या पाळल्या तर अंडी सरळ मुलांच्या ताटात येतील.

अडतं ते अर्जापाशी. राष्ट्रीय पशुधन अभियानात ५० टक्के अनुदान आहे, पण शेळ्यांचा सर्वात लहान गट १०० शेळ्या आणि ५ बोकडांचा. पात्र कोण, तर व्यक्ती, बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या वगैरे. राज्याच्या योजनेतला १० शेळ्या, १ बोकड हा गट आम्हाला पेलेल असा आहे, पण तो वैयक्तिक लाभार्थ्याला. अनाथ पोरानं सातबारा कुठून आणावा? दारिद्र्यरेषेचं कार्ड कोणाच्या नावाचं दाखवावं?

शेळ्या वाटून काम संपत नाही. पावसाळ्याआधी शेळ्यांना आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस, पीपीआर या साथीच्या रोगाची लस, कोंबड्यांना मानमोडी रोगाची लस वेळेवर टोचली गेली नाही तर गोठा एका हंगामात रिकामा होतो. म्हणून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडे ही जबाबदारी लेखी सोपवा.

मुलांना राबवणार का, असं कोणीही विचारेल, आणि विचारायलाच हवं. गोठ्याला पगारी माणूसच लागेल. मुलं शाळेत जातील. ज्याला आवड आहे त्यानं संध्याकाळी करडांना पाला टाकावा. अठरा पूर्ण झाल्यावर तो बालगृह सोडताना दोन गाभण पाठी (तरुण शेळ्या) त्याच्या मालकीच्या करून द्याव्यात, असं मला मनापासून वाटतं.

आणि शेळ्या आल्या म्हणून पोषणाच्या रकमेला कात्री लावू नका.

पुढची लाभार्थी निवड सुरू होण्याआधी अर्जात एक रकाना वाढवा: 'नोंदणीकृत बालगृह'.

आपला नम्र,
बालगृहातील एक कार्यकर्ता
जि. यवतमाळ